मिलचा गोंगाट, विंगेतली कुजबुज आणि तारेवरचा इंटरकॉम

बारामती आणि इंदापूर हे उसाचे तालुके. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले, त्यामागून ऊस आला आणि उसामागून कारखाने उभे राहिले. शिवनगरचा माळेगाव, सोमेश्वरनगरचा सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा हे सहकारी, तर शेटफळगढ्याचा बारामती ॲग्रो खासगी. बॉयलरचे अग्निप्रदीपन झाले, गव्हाणीत मोळी पडली की पुढचे काही महिने मिल बंद पडू द्यायची नाही, याच एका गोष्टीभोवती तिन्ही पाळ्या फिरतात. मिल चालू असताना तिच्याजवळ उभ्या असलेल्या दोन माणसांना एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावे लागते. अशा ठिकाणी पन्नास-शंभर मीटरवरच्या माणसाशी बोलायचे कसे, हा प्रश्न इथल्या कामगारांना नवा नाही. काम मात्र अजून बऱ्याच ठिकाणी हातवारे, शिट्टी, धावत जाणारा हेल्पर आणि खिशातला मोबाइल यांवरच भागवले जाते.

तारेवरचा अनेक-चॅनेलचा इंटरकॉम म्हटला की ही जुनी, मोबाइलने केव्हाच मागे टाकलेली गोष्ट वाटते. तसे नाही. एकाच कामावर एकाच वेळी पाच-दहा माणसे गुंतलेली असतात, त्यांची जागा ठरलेली असते आणि एकाचे बोलणे बाकीच्यांच्या कानावर त्याच क्षणी पडावे लागते, अशा प्रत्येक ठिकाणी तार अजून सर्वांत भरवशाची आहे. साखर कारखाना, रेल्वेचा मार्ग, नाट्यगृह, रेडिओचा स्टुडिओ ही अशी ठिकाणे, आणि ही सगळी बारामती-इंदापूरच्या परिसरात आहेत.

आधी कारखाना. मिल अचानक थांबली तर नेमके काय होते ते पाहिले की चॅनेल वेगळे का लागतात हे कळते. ऊस अडकून चोकअप झाला, केन कॅरिअर थांबला. आता बॉयलरकडे जाणारा ताजा बगॅस, म्हणजे चिपाड, तुटतो, म्हणून बॉयलरवाल्याला यार्डातला साठवलेला बगॅस ओढायला लावावे लागते. त्याच वेळी मिलला लागणाऱ्या शक्तीची मागणी एकदम पडते. बॉयलरवाल्याने आग वेळेत कमी केली नाही तर दाब चढतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. टर्बाइनवर लोड हलतो. तिकडे रस कमी झाला हे सल्फिटेशनवाल्याला कळले नाही तर चुन्याचे प्रमाण तेच राहते, सामू चढतो आणि रसाचा रंग बिघडतो. इव्हॅपोरेटरवाल्याला नळ्या कोरड्या पडू नयेत म्हणून पाणी घ्यावे लागते. पॅनवर उकळी घेणाऱ्याला वाफ किती वेळ पुरेल याचा अंदाज हवा असतो. वजनकाट्याबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग लागलेली असते; केनयार्डातल्या माणसाला पुढची गाडी गव्हाणीकडे सोडायची की नाही हे ठरवायचे असते.

हे सगळे दोन-चार मिनिटांत. मिलवरच्या माणसाने फोन घेऊन एकेकाला नंबर लावायचा म्हटले तर तिसरा नंबर लागेपर्यंत पहिल्या दोघांकडची परिस्थिती बदललेली असते. कारखान्यांच्या कार्यालयांत असतो तो ईपीएबीएक्स एका माणसाला एका माणसाशी जोडण्यासाठी बनलेला आहे. दोघे बोलत असतील तर तिसऱ्याला एंगेज टोन मिळतो. स्टोअर, हिशेब, शेतकी विभाग यांच्यासाठी तो उत्तम. मिल-बॉयलर-टर्बाइन या साखळीसाठी तो अपुरा पडतो.

जगभरातल्या अवजड उद्योगांनी यावर काढलेली तोड म्हणजे पेज-पार्टी पद्धत. गाय-ट्रॉनिक्स या अमेरिकन कंपनीने ती घराघरात नाही पण कारखान्या-कारखान्यांत नेली. एक ओळ भोंग्यांवरून सर्वांना हाक मारण्यासाठी आणि तिच्या जोडीला बोलण्यासाठी पाच स्वतंत्र ओळी, अशी तिची प्रचलित मांडणी आहे. कोणीही रिसीव्हर उचलून भोंग्यावरून हाक द्यायची, ‘बॉयलर, तीनवर या’, आणि मग दोघांनी तिसऱ्या ओळीवर बोलायचे. ज्याचा संबंध आहे तो त्याच ओळीवर येऊन ऐकू शकतो. इथे एंगेज टोनच नाही. प्रत्येक जागेवरच्या पेटीत तिचा स्वतःचा ॲम्प्लिफायर असल्याने एक पेटी बिघडली म्हणून बाकीचे भोंगे मुके होत नाहीत.

रेल्वेकडे हीच कल्पना वेगळ्या रूपात फार आधीपासून आहे. दौंडहून बारामतीला शाखामार्ग येतो. भारतीय रेल्वेत सेक्शन कंट्रोलर आणि त्याच्या हद्दीतली सगळी स्थानके एकाच सामाईक बोलण्याच्या मंडलावर समांतर जोडलेली असतात. कंट्रोलर हव्या त्या स्थानकाची घंटा निवडून वाजवतो, पण बोलणे सुरू झाले की ओळीवर असलेल्या इतर स्टेशनमास्तरांनाही ते ऐकू येते. गाडी मागच्या स्थानकावर का अडली आहे, हे पुढच्या स्थानकाला वेगळे सांगावे लागत नाही. फाटकावरचा गेटमन आणि स्टेशनमास्तर यांच्यात मात्र थेट दोघांचीच ओळ असते, आणि तिच्यावर नुसते ‘बंद केले’ म्हणून चालत नाही. दोन्ही बाजूंनी खाजगी अंक द्यायचा आणि तो वहीत लिहायचा अशी पद्धत आहे.

८ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूत कडलूरजवळच्या सेम्मनकुप्पम फाटकावर शाळेच्या व्हॅनला रेल्वेची धडक बसली आणि मुले दगावली. त्यानंतर रेल्वेने फाटकांवरच्या संभाषणांच्या ध्वनिमुद्रणाची रोज तपासणी करण्याचे आदेश दिले. इंटरकॉमचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हा आदेश नीट लक्षात घ्यावा. तार शाबूत आहे, घंटा वाजते आहे, एवढ्याने यंत्रणा चालते असे होत नाही. तिच्यावर काय बोलले जाते आणि ते प्रत्यक्षाशी जुळते का, हे कोणीतरी ऐकून पाहावे लागते.

दुसरे टोक नाट्यगृहाचे. कारखान्यात ओरडून ऐकू जात नाही आणि नाट्यगृहात ओरडायची सोय नाही, अडचण एकच. बारामतीत नटराज नाट्य कला मंदिर आहे, विद्या प्रतिष्ठानच्या आवारात गदिमा सभागृह आहे. पुण्या-मुंबईहून नाटक येते तेव्हा दुपारी ट्रक लागतो, नेपथ्य उतरते, लाइट टांगले जातात, साउंड लागतो आणि रात्री तिसरी घंटा होते. प्रकाशयोजना चालवणारा प्रेक्षागृहाच्या मागे, संगीत सोडणारा त्याच्या बाजूला किंवा विंगेत, पडदा ओढणारा एका टोकाला, मेकअपच्या खोलीजवळ कलाकारांना बोलावणारा एक जण आणि या सगळ्यांना जुळवून घेणारा रंगमंच व्यवस्थापक. त्यांच्यात बोलायला काही नसेल तर टॉर्च हलवणे, मिस कॉल आणि व्हॉट्सॲप यांवर प्रयोग काढला जातो. मुरलेली मंडळी ते निभावून नेतातही. पण अंधार व्हायचा तो क्षण अर्ध्या सेकंदाने चुकला की प्रसंग पडतो, आणि तो का पडला हे प्रेक्षकाला सांगता येत नाही.

या कामासाठीची पार्टी-लाइन, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक ओळीची, पद्धत १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आकाराला आली. तिथल्या रॉक मैफिलींत आवाज इतका वाढला होता की रंगमंचावरच्या तंत्रज्ञांना एकमेकांचे ऐकू येईना. बॉब कोहेन आणि चार्ली बटन यांनी कमरेला लावायची छोटी पेटी, म्हणजे बेल्टपॅक, आणि कानावर बसणारा हेडसेट बनवला, आणि क्लिअर-कॉम ही कंपनी उभी राहिली. आजही नाट्यगृहांत दिसणारा तारेचा इंटरकॉम बहुतेक याच घराण्यातला किंवा आरटीएस या दुसऱ्या कंपनीच्या घराण्यातला असतो.

त्याची बांधणी साधी आहे आणि बसवणाऱ्याने ती समजून घेतलीच पाहिजे. मुख्य पेटी वीज पुरवते. तिथून मायक्रोफोनला वापरतात तीच शील्ड असलेली केबल निघते आणि तीन पिनांच्या एक्सएलआर जोडणीने एका बेल्टपॅकमधून दुसऱ्यात जाते. क्लिअर-कॉम पद्धतीत पहिल्या पिनवर शील्ड, दुसरीवर सुमारे ३० व्होल्ट डीसी आणि तिसरीवर आवाज. दुसरा चॅनेल हवा तर आवाजाची दुसरी तार ओढावी लागते. आरटीएसच्या पद्धतीत दुसऱ्या पिनवर वीज आणि पहिला चॅनेल एकत्र जातात आणि तिसरीवर दुसरा चॅनेल, म्हणजे तीनच पिनांत दोन चॅनेल बसतात. दोन्हींची जोडणी दिसायला सारखी, पण एकाचा बेल्टपॅक दुसऱ्याच्या ओळीवर सरळ चालत नाही. जुने-नवे सामान गोळा करून सभागृह सजवणाऱ्यांचा पहिला घोटाळा इथेच होतो.

दुसरा घोटाळा टर्मिनेशनचा. प्रत्येक चॅनेलच्या ओळीला एकाच ठिकाणी, साधारणपणे मुख्य पेटीत, २०० ओहमचा शेवट द्यायचा असतो. तो दिलाच नाही तर आवाज भसकन वाढतो, हेडसेटमध्ये किंकाळी उठते. दोन पेट्या जोडून दोन्हींत तो चालू ठेवला तर सगळ्यांचा आवाज खाली बसतो, आणि मग ‘हेडसेट खराब आहेत’ म्हणून नवे हेडसेट मागवले जातात. शंभरातले बहुतेक हेडसेट तेव्हा ठणठणीत असतात.

गुरगुरीचे कारण बहुधा डिमर असते. प्रकाशाचे डिमर विजेची लाट कापून दिवा मंद करतात आणि त्यांच्या केबलमधून बाहेर पडणारा खळबळाट शेजारच्या आवाजाच्या तारेत शिरतो. म्हणून इंटरकॉमची केबल लाइटच्या केबलबरोबर एकाच पाइपातून कधीही नेऊ नये. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी. शील्ड आणि जोडणीचे धातूचे कवच एकमेकांना चिकटवू नये. रंगमंचाच्या लोखंडी चौकटीला कवच टेकले की अर्थिंगचे दुसरे वेटोळे तयार होते आणि पन्नास हर्ट्झची घुमणारी गुरगुर आयुष्यभर मागे लागते. आणखी एक साधी खबरदारी. इंटरकॉमची आणि मायक्रोफोनची केबल हुबेहूब सारखी दिसते. घाईत मायक्रोफोन इंटरकॉमच्या ओळीत खुपसला तर त्याला ३० व्होल्ट बसतात. दोन्ही टोकांना लाल चिकटपट्टी गुंडाळली की हा धोका जवळजवळ संपतो.

कारखान्यात हीच तत्त्वे, पण शत्रू जास्त. बगॅसची भुकटी, साखरेच्या पाकाचा चिकटा, धुण्याचे पाणी, उंदीर आणि मोटरींच्या वेगनियंत्रकांतून येणारा विद्युत गोंधळ. तिथे आर्मर्ड केबल, विजेच्या केबलपासून वेगळा ट्रे, धूळ-पाणी न शिरणारी पेटी, आवाज अडवणारे हूड आणि तोंडाजवळचाच आवाज उचलणारा मायक्रोफोन लागतो. घंटा ऐकू येणारच नाही अशा जागी फिरता दिवा लावावा लागतो. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची तार गेली असेल तर वळवाच्या विजांसाठी दोन्ही टोकांना सर्ज अरेस्टर हवेत. कारखान्याच्या आसवनीत (डिस्टिलरीत) तर साध्या पेटीला प्रवेशच नसावा. अल्कोहोलच्या वाफा असतात त्या भागात प्रमाणित फ्लेमप्रूफ किंवा स्वयंसुरक्षित फोनच बसवायचा. खिशातल्या मोबाइललाही तिथे बंदी असायला हवी.

नवे काम करणारे आता तांब्याच्या जोडीऐवजी नेटवर्कची केबल सुचवतात. ते योग्य आहे, पण अटींसह. कॅट-६ केबलवर एका टप्प्याला १०० मीटरची मर्यादा असते. मिलपासून केनयार्डापर्यंत जायचे तर मध्ये स्विच किंवा फायबर आले, आणि प्रत्येक स्विचला वीज आली. टर्बाइन ट्रिप होऊन कारखाना अंधारात जातो त्याच क्षणी बोलणे सर्वाधिक गरजेचे असते. तेव्हा स्विच बंद पडले तर यंत्रणा नेमकी हवी तेव्हा मुकी होते. म्हणून प्रत्येक स्विचला बॅटरीचा आधार, किंवा मिल-बॉयलर-टर्बाइन एवढ्या तीन जागांपुरती तरी एक वेगळी जुनी तांब्याची थेट ओळ. या दुसऱ्या पर्यायाला खर्च फारसा येत नाही आणि तो प्रत्येक कारखान्यात असावा.

वॉकी-टॉकीचे काय? बेलवाडीला तुकोबारायांच्या पालखीचे गोल रिंगण होते, त्या गर्दीत फिरणाऱ्या बंदोबस्ताला तार काय कामाची? तिथे बिनतारीच हवे. पण बिनतारी संच बाजारातून उचलून आणून वापरायला मोकळीक नाही. २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या संचांना परवान्यातून सूट दिली. इतर बहुतेक पट्ट्यांत परवाना लागतो. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ही माहिती न देता वॉकी-टॉकी विकणाऱ्या ऑनलाइन मंचांना नोटिसा काढल्या. स्वतःच्या आवारातल्या तारेच्या इंटरकॉमला बिनतारी लहरींच्या परवान्याचा प्रश्नच येत नाही. लोखंडी रचनेत सिग्नल तुटणे नाही, मध्येच बॅटरी संपणे नाही, शेजारच्या कार्यक्रमाचे बोलणे आत घुसणे नाही.

रुग्णालये, सोसायट्या आणि लिफ्ट यांचा इंटरकॉम मुख्यतः एकास-एक बोलण्याचा. तिथे चॅनेलपेक्षा देखभालीचा प्रश्न मोठा. विद्या प्रतिष्ठानच्या वसुंधरा वाहिनीसारख्या ९०.४ एफएमच्या सामुदायिक रेडिओचे काम वेगळे असते. रेडिओच्या स्टुडिओत काचेपलीकडच्या निवेदकाच्या कानात सूचना जाते आणि श्रोत्याला ती ऐकू जाता कामा नये. त्यामुळे मायक्रोफोन चालू झाला की स्टुडिओतला स्पीकर आपोआप बंद होईल आणि सूचना फक्त हेडफोनमध्येच जाईल अशी जोडणी करावी लागते.

यंत्रणा बसवणे हा अर्धा भाग. उरलेला अर्धा ती चालवण्याचा, आणि त्याकडे जवळपास कोणीच पाहत नाही. नासाच्या मिशन कंट्रोलमधल्या ध्वनिमंडलांचा अभ्यास ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. तिथले नियंत्रक एकाच वेळी अनेक ओळी ऐकत असतात. महत्त्वाच्या ओळीचा आवाज मोठा, बाकीच्या हळू, असा ज्याचा त्याचा मेळ त्यांनी बसवलेला असतो. कोणी कोणत्या ओळीवर बोलायचे हे मात्र कडक ठरलेले असते. आपल्या ओळीवर शांतता आहे आणि शेजारच्या ओळीवर गडबड वाढली आहे, एवढ्यावरून त्यांना पुढे येणारी अडचण आधीच कळते. ऐकण्याची मोकळीक आणि बोलण्याचे बंधन, असा हा सौदा आहे.

बारामतीच्या सभागृहाला तो थोडक्यात असा लागू करता येईल. पहिल्या चॅनेलवर रंगमंच व्यवस्थापक, प्रकाश आणि पडदा. दुसऱ्यावर व्यवस्थापक आणि ध्वनी. प्रवेशद्वार आणि मेकअपची खोली दोन्हींपासून वेगळी, कारण ‘दहा मिनिटे थांबा, पाहुणे यायचेत’ हे वाक्य प्रकाशवाल्याच्या कानात ऐन प्रसंगात पडता कामा नये. सूचना आधी ‘स्टँड बाय’ म्हणून द्यायची, समोरच्याने ती उच्चारून परत सांगायची आणि मग ‘गो’. प्रयोग सुरू झाल्यावर ‘गो’ हा शब्द दुसऱ्या कोणत्याही कारणाने तोंडातून काढायचा नाही. बोलणे संपले की माइक बंद. एकाचा माइक उघडा राहिला की त्याचा श्वास, खोकला आणि रंगमंचावरचे सगळे संवाद बाकीच्यांच्या कानात घोळतात आणि पुढची सूचना त्यात बुडते. कोणी हेडसेट उतरवून ठेवला असेल तर त्याला बोलावायला कॉल-लाइट आहे. तो लावून घेतलेला असूनही वापरला जात नाही, हे बऱ्याच ठिकाणी दिसते.

कारखान्यात तर पाळी बदलताना प्रत्येक जागेवरून एकदा बोलून पाहणे आणि त्याची लॉगबुकात सही घेणे एवढे केले तरी अर्धे बिघाड मिल चालू असताना उघडकीला येण्याऐवजी आधीच सापडतील.

खरेदीची पद्धत हा या विषयातला सर्वांत कच्चा दुवा आहे. निविदेत पेट्यांची संख्या लिहिली जाते, कमीत कमी दराचा ठेकेदार ठरतो आणि तो आणलेल्या पेट्या टांगून निघून जातो. कोणत्या जागेने कोणाला ऐकायचे, हा तक्ता निविदेत नसतो. केबल कुठून गेली याचा नकाशा कोणाकडे उरत नाही. दोन वर्षांनी एक ओळ मेली की शोधण्यापेक्षा नवी तार वरून ओढली जाते आणि जुनी तिथेच लोंबत राहते. चांगल्या कंपनीच्या पेटीवर पैसे घालण्यापेक्षा चांगली केबल, दोन्ही टोकांना क्रमांकाचे टॅग, जंक्शन बॉक्समध्ये लावलेला नकाशा आणि वर्षाचा देखभाल करार यांवर ते घालावेत. भारीतली पेटी खराब केबलवर खरखरतेच, आणि साधी पेटी नीट ओढलेल्या तारेवर वर्षानुवर्षे चालते.

गाळप संपले की ऑफ सीझनमध्ये मिलचे रोलर उघडले जातात, बॉयलरच्या नळ्या तपासल्या जातात, सेंट्रिफ्युगल मोकळ्या केल्या जातात. त्या कामांच्या यादीत इंटरकॉमची एक ओळ असावी. चीफ इंजिनिअर, चीफ केमिस्ट आणि प्रत्येक पाळीचा एकेक अनुभवी कामगार यांनी एका टेबलाशी बसून मिल थांबल्यावर कोणाला काय आणि कोणत्या क्रमाने कळले पाहिजे हे लिहून काढावे, त्यावरून चॅनेल ठरवावेत आणि तो तक्ता प्रत्येक पेटीशेजारी मराठीत, लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरांत लावावा. सभागृहांच्या व्यवस्थापकांनी हेच काम पुढच्या नाटकाचा ट्रक दाराशी लागण्याआधी उरकावे.